आयडी बदलायचा की नाही?

डुआयडी काढायची खोड मराठी माणसाला इंटरनेटनं लावली, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहायचे, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. एक माणूस, तीन आयडी. नाटकं वि. वा. शिरवाडकरांची आणि कविता कुसुमाग्रजांच्या, याचंही आपल्याला कधी काही वाटत नाही. पण त्यांची खरी नावं आपल्याला शाळेपासून पाठ असतात.

मला मात्र लपायचंच होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कर्वेनगरच्या होस्टेलवर बसून मी एक सदस्यनाम घेतलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. हा लेखही त्याच नावानं दिलाय. (होस्टेलवरून शोधू नका. कर्वेनगरातून दरवर्षी ढीगभर इंजिनिअर मुली बाहेर पडतात.) त्या नावानं मी घरातल्या पैशांबद्दल लिहिते. वडिलांची नोकरी गेली, फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जायला लागला आणि त्याच सुमारास माझ्या लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला, याबद्दल. यात कुणी वाईट नाही. सगळे मायाळू आहेत, आणि म्हणूनच हे खऱ्या नावानं लिहिता येत नाही.

मागच्या दिवाळीत त्यातला एक लेख फिरत फिरत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आत्यानं टाकला होता, खाली माझ्या टोपणनावासकट. संध्याकाळी आई म्हणाली, “कुणाची गं ही पोर? आईबापांचं असं चारचौघांत काढतात का?” मी कुकर लावत होते. म्हटलं, “काय माहीत.” रात्री डोक्यात एकच विचार: नाव बदलून टाकावं.

त्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, त्याच खात्याचं नाव बदलायचं. डेटाबेसमध्ये आपण म्हणजे बहुतेक वेळा एक क्रमांक असतो आणि नाव ही शेजारच्या रकान्यातली नोंद. ती बदलली की जुन्या सगळ्या लेखांवर नवं नाव दिसतं. पण इतरांनी आपल्या हातानं लिहिलेलं बदलत नाही. त्यांच्या प्रतिसादांत ‘अमुकला अनुमोदन’ तसंच राहतं, आणि नवीन वाचणारा शोधत बसतो की ही अमुक गेली कुठे. दुसरा रस्ता, नवा आयडी, कोरी पाटी. मग लपणं पक्कं होतं. पण ज्या मुलींनी रात्री दोन वाजता निरोप पाठवून स्वतःच्या घरचं मला सांगितलं, त्यांनी ते ज्या नावाला सांगितलं ते नाव एका क्लिकवर मरतं.

या घोळात असताना मला विभावरी शिरूरकर आठवल्या. 1933 साली त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात सरळ लिहिलं होतं. एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. होस्टेलवर ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते शीर्षक पुढे माझ्याच वाट्याला येईल, असं वाटलं नव्हतं. पुस्तकावर गदारोळ झाला आणि ही विभावरी कोण, याचे तर्क सुरू झाले. त्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या. ती संस्था हिंगण्याची, आणि हिंगणं म्हणजे आजचं आमचं कर्वेनगर. अविवाहित शिक्षिकेनं खऱ्या नावानं असं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढे नाव फुटलं. 1938 मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. त्या नावानंही त्यांनी लिहिलं. पण विभावरीला त्यांनी निवृत्त केलं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरची ‘बळी’ 1950 मध्ये आली ती विभावरीच्या नावावर. त्यानंतर स्वतःच्या वडिलांवर ‘खरेमास्तर’ लिहिली. शीर्षकात माहेरचं खरं आडनाव आणि लेखिकेच्या जागी विभावरी शिरूरकर! तोवर त्या नावाआड लपण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मग ते ठेवलं कशाला? मला वाटतं, टोपणनाव सुरुवातीला लिहिणारीचं असतं, काही वर्षांनी ते वाचणाऱ्यांचंही होतं. त्यांनी त्या नावावर भरवसा टाकलेला असतो. तो नव्या नावावर आपोआप ट्रान्सफर होत नाही.

कुणी तुमच्या मागावर असेल, धमक्या येत असतील, तर नाव आजच बदला. तिथे असले हिशेब करायचे नसतात. माझ्या मागे कुणी नाही. मला भीती आहे ती फक्त आईला कळण्याची, आणि त्यावर नाव बदलणं हा उपाय नाही. आईला ते नाव ठाऊकच नाही. ती मला ओळखेल तेव्हा हप्त्यावरून ओळखेल, बाबांच्या दुपारच्या झोपेवरून ओळखेल. तिच्यापासून लपायचं असेल तर लिहिणंच थांबवावं लागेल.

ते मी थांबवणार नाही. नाव तेच राहील. पुढचा लेख लिहायला घेतलाय, विषयही तोच आहे. हप्ता अजून अकरा वर्षं चालायचाय.