उरुसातली भेट

मिरज सोडून आम्ही पुण्याला आलो, अम्मी मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिली. यंदा उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात शाळूसोबती भेटले. २००९ च्या दंगलीनंतर एकमेकांना फोन करणंही सुटलं होतं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीजवळ बसलो. सतारमेकर मित्र भोपळ्यांचे वाढलेले भाव सांगत राहिला. दंगलीचं नाव कुणी काढीना, आम्हीही नाही.

मग भिक्षुकाचा मुलगा एकदम म्हणाला, "त्या ईदला तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो रे. परत फिरलो."

"अम्मीनं तुझ्या वाटणीचा शीरखुर्मा झाकून ठेवला होता," आम्ही म्हणालो. "दुसऱ्या दिवशीपर्यंत."

तो खाली बघत राहिला. मंडपात तंबोरे लागले होते. आम्ही सगळेच तिकडे सरकलो.