ठिपके माशावर, इलाज तळाशी

समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटवणारा रोग क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. कोळंबी संवर्धकांना धास्तावणारा ‘व्हाइट स्पॉट’ विषाणूमुळे होतो, त्याच्याशी या रोगाचा संबंध नाही. गोड्या पाण्यातल्या माशांनाही दिसायला अगदी असाच रोग होतो, पण त्याचा परजीवी निराळ्या कुळातला आहे. गोड्या पाण्यातल्या रोगावर मीठ चालते म्हणून समुद्री माशांवर तोच प्रयोग करण्यात काही अर्थ नाही.

या परजीवीची नोंद जपानमध्ये १९३०च्या दशकात झाली आणि १९५१ मध्ये ब्राउन यांनी त्याला आजचे नाव दिले. खुल्या समुद्रात त्याचा उपद्रव क्वचित जाणवतो. टाकीत किंवा पिंजऱ्यात माशांची दाटी झाली, की मात्र कोबिया, पॉम्पॅनो, गोब्रा, जिताडा यांपैकी कोणालाही तो सोडत नाही. मासे अंग घासू लागतात, चारा टाकतात, अंगावर बुळबुळीत स्राव वाढतो, डोळे धुरकट होतात. ठिपके दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे असते, कारण परजीवी कल्ल्यांतही शिरतो. पुष्कळदा अंगावर एकही ठिपका नसताना मासा गुदमरून मरतो. मेलेल्या माशाचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर निदान काही मिनिटांत होते.

नियंत्रणाची सगळी गुरुकिल्ली परजीवीच्या जीवनचक्रात आहे. माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली तो तीन ते सात दिवस खात, गरगर फिरत वाढतो. या काळात वर कातडीचेच पांघरूण असल्याने पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. गोड्या पाण्यात मासा बुचकळून काढला तरी परजीवी सहसा टिकतो. पोट भरल्यावर तो माशाला सोडतो, काही तास तळावर सरपटतो आणि तळाला, भिंतीला किंवा जाळ्याला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत विभाजन होऊन शे-दोनशे पिल्ले तयार होतात. याला कधी तीन दिवस पुरतात, तर कधी चार आठवडेही लागतात, आणि कवचावर औषधांचा फारसा परिणाम होत नाही. बाहेर पडलेली पिल्ले सुमारे दिवसभर पोहतात, मात्र माशात शिरण्याची त्यांची ताकद पहिल्या काही तासांतच ओसरते. मासा सोडणे आणि कवच फोडणे या दोन्ही गोष्टी बहुतांशी रात्री, पहाटेपूर्वी घडतात. त्या वेळी मासे तळाजवळ निवांत असतात, म्हणून पिल्लांना यजमान जवळच सापडतो.

मोरचुदाचा उपयोग होतो तो याच पोहणाऱ्या पिल्लांवर. पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरला सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखून तीन ते सहा आठवडे उपचार चालवावा लागतो. प्रमाण कमी पडले तर पिल्ले वाचतात, जास्त झाले तर माशांचे कल्ले जळतात. टाकीत शिंपले किंवा प्रवाळाची वाळू असेल तर ती तांबे शोषून घेते, म्हणून रोज मोजणी करणे भागच असते. आठवड्याभरात ठिपके गेले म्हणून उपचार थांबवणे ही सर्रास होणारी चूक आहे. परजीवी त्या वेळी फक्त माशावरून तळावर गेलेला असतो.

औषधाविना करायचा सर्वांत पटण्याजोगा उपाय इस्रायलमधील एलात येथे कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये मांडला. पाण्याची क्षारता हजारी १० पर्यंत उतरवून तीन तास ठेवायची आणि हेच दर तीन दिवसांनी, एकूण चार वेळा करायचे. कवचातली पिल्ले बाहेर पडण्याआधीच नवे कवच गाठले जाते आणि माशावरचा शेवटचा परजीवीही या अवधीत खाली उतरलेला असतो. दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ व कोरडी करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवण्यामागेही हाच हिशेब आहे, कारण वाळवलेले कवच जगत नाही. मजुरी वाढते, पण बीजकेंद्रात हा खर्च परवडतो. जिताडा तर गोड्या पाण्यातही राहतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत क्षारता उतरवताना भीती नसते.

नवे मासे चार ते सहा आठवडे वेगळे ठेवणे आणि प्रत्येक टाकीचे हातजाळे स्वतंत्र असणे, या गोष्टींत केलेली टाळाटाळ पुढे महागात पडते. रोगातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते. तिच्या आधाराने लस करता येईल अशी आशा आहे. अडचण अशी की हा परजीवी माशाशिवाय मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही.

समुद्रातल्या पिंजऱ्यात मोरचूदही चालत नाही आणि क्षारताही उतरवता येत नाही. त्यातून जपानमधील अभ्यासकांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली आहे. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू कमी असताना कवचे सुप्त पडून राहतात. शरदात पाणी ढवळले गेले की ती एकदम फुटतात आणि साथ उसळते. म्हणून जाळी वारंवार बदलणे, दाटी कमी ठेवणे आणि साथ दिसताच पिंजरा खोल, वाहत्या पाण्यात ओढून नेणे एवढेच हाती उरते. उथळ, संथ पाण्यात पिंजरा कायमचा रोवला असेल, तर यातला शेवटचा उपायही हातून गेलेला असतो.