दक्षिणचित्र : मोडीतून वाचलेली घरे

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, मुट्टुकाडू येथे ‘दक्षिणचित्र’ हे खुले संग्रहालय १९९६ पासून आहे. दक्षिणेतील पाडली जाणारी जुनी घरे विकत घेऊन, त्यांचे खांब-तुळया सुट्या करून, पारंपरिक कारागिरांकरवी ती येथे पुन्हा उभारली आहेत.

व्यापारी कुटुंबांनी चेट्टीनाडच्या व्यापाऱ्याच्या घरापाशी अंमळ अधिक थांबावे. चेट्टीनाडात बाहेरच्या ओट्यावर व्यवहार चाले, तर आतल्या चौकात घरची मंगलकार्ये होत. चेट्टियारांची सावकारी ब्रह्मदेशापर्यंत पोहोचली होती. तेथील सागवान त्यांच्या वाड्यांच्या खांबांना लाभले.

संग्रहालय मंगळवारी बंद असते. प्रवेशास तिकीट आहे. एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून चालत जावे लागते. म्हणून वृद्ध सोबत असल्यास हिवाळ्यातील सकाळ निवडावी आणि दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. मुलांना कोरीव लाकडास हात न लावण्याची समज आधीच द्यावी.

वाडा मोडीत काढला की लाकडाचा भाव मिळतो. पूर्वजांनी ज्या ओट्यावर पेढी मांडली, तो ओटा मात्र परत मिळत नाही. ज्या घरी वाडा विकण्याची बोलणी चालू असतील, त्यांनी सौदा ठरण्यापूर्वी हे घर अवश्य पाहावे.