पणजीची जबान

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, मराठीत लिहितो, आणि घरी जे बोलतो त्याला उर्दूवाले उर्दू म्हणत नाहीत आणि मराठीवाले मराठी म्हणत नाहीत. सोलापूर भागातल्या आपल्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. अम्मीशी बोलताना 'नक्को', वर्गात 'नहीं' आणि तलाठ्याच्या टेबलासमोर 'नको'. तीन जबानी सांभाळायची आपल्याला सवय झालेली आहे. त्यातली एक मात्र आपण उंबऱ्याच्या आतच ठेवतो. ती बाहेर आणायची आपल्याला लाज वाटते, हे आम्हाला एका परदेशी गाण्याने दाखवून दिलं.

२०१६ च्या जानेवारीतली गोष्ट. बी.एड. करून आम्हाला नोकरी लागली त्याला फार दिवस झाले नव्हते. शाळेच्या सालाना जलशाची तयारी आमच्याकडे होती. सातवीतली एक मुलगी नाव द्यायला आली. "सर, हमारी नानी चक्कीपे गाती थी, वो गाना गाऊँ क्या?" आम्ही म्हटलं, गा. तिने स्टाफरूममध्येच दोन कडवी म्हणून दाखवली. चाल गोड होती, आवाज त्याहून गोड. पण त्यात 'कायकू' होतं, 'हौ' होतं, आणि शब्दाशब्दाला आपला तो 'च' चिकटलेला होता. एकदोन शिक्षक हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मग आम्हीच बोललो, "बेटा, आवाज अच्छा है, मगर जबान साफ नहीं है." आणि तिला एक गझल लिहून दिली. तिने ती पाठ केली, एकही उच्चार न चुकता म्हटली आणि दुसरं बक्षीस मिळवलं. आम्हाला समाधान वाटलं. मुलीची जबान सुधारली, असं आम्ही समजलो.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या भाच्याने मोबाईलवर एक गाणं लावलं. "मामू, देखो, युरोप में मुसलमान लडकी जीत गयी." आम्ही पाहिलं ते तो म्हणाला म्हणून. निळी वस्त्रं घातलेली एक बाई रंगमंचावर एकटी उभी होती. आधी इंग्रजीत गायली, मग धृपद आलं आणि भाषा बदलली. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा वाटला. आपल्याकडे घरात मय्यत झाल्यावर म्हाताऱ्या बायका ज्या सुरात रडतात, तो सूर.

या गायिकेचं नाव जमाला. युरोपात १९५६ पासून 'युरोव्हिजन' नावाची गाण्यांची स्पर्धा होते. प्रत्येक देश एक नवं गाणं पाठवतो. गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही. पंच आणि लोक मिळून गुण देतात, आणि आपल्या स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. पूर्वी बरीच वर्षं देशाच्याच भाषेत गायची अट होती. १९९९ पासून ती गेली आणि बहुतेक देश इंग्रजीत गाऊ लागले. २०१६ ची स्पर्धा स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात झाली. ४२ देश होते. जमाला युक्रेनची प्रतिनिधी होती, पण धृपद युक्रेनियन भाषेतलं नव्हतं. ते होतं क्रिमियन तातार भाषेत, तिच्या पणजीच्या जबानीत. ही भाषा त्या स्पर्धेत तोवर कोणी गायलेली नव्हती.

गाण्याचं नाव आहे '१९४४'. क्रिमिया हा काळ्या समुद्रातला द्वीपकल्प. तिथले तातार मुसलमान शतकानुशतकं तिथेच राहत आलेले. १८ मे १९४४ च्या पहाटे स्टालिनच्या शिपायांनी दारं ठोठावली. जर्मनांना मदत केल्याचा आरोप सगळ्या कौमवर ठेवला होता. सामान बांधायला काही मिनिटं दिली, आणि जनावरांच्या डब्यांत कोंबून दोन-तीन दिवसांत जवळपास दोन लाख माणसं मध्य आशियाकडे रवाना केली. त्यात बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारे होते, कारण कित्येक घरांतले पुरुष त्याच वेळी सोव्हिएत फौजेतून जर्मनांशी लढत होते. जमालाचा पणजोबा त्यांतलाच एक. पणजी नाजिलखान पाच मुलं घेऊन डब्यात चढली. वाटेत तिची एक मुलगी दगावली. जमालाने गाणं केलं ते या पणजीवर.

माणसं नेल्यावर त्यांचं नावही नेलं. क्रिमियातल्या गावांची तातार नावं बदलली गेली. १९५९ च्या सोव्हिएत जनगणनेत 'क्रिमियन तातार' असा वेगळा समाजच दाखवला नव्हता. जमालाचा जन्म १९८३ चा, किर्गिझस्तानातल्या ओश शहरातला. बाप तातार, आई आर्मेनियन. पुढे कुटुंब क्रिमियात परतलं, तेव्हा तातार माणसाला घर विकत मिळेना. म्हणून आईबापांनी कागदोपत्री तलाक घेतला आणि घर आईच्या माहेरच्या नावावर घेतलं. आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला.

म्हणून स्पर्धेआधीच तक्रार झाली की हे गाणं राजकीय आहे. आयोजकांनी शब्द तपासले आणि राजकीय भाषण नाही असा निर्वाळा दिला. अंतिम फेरीत पंचांनी ऑस्ट्रेलियाला पहिलं ठेवलं, लोकांनी रशियाला. जमाला दोन्हींकडे दुसरी होती आणि बेरजेत पहिली आली: पंचांचे २११, लोकांचे ३२३, एकूण ५३४. आम्हाला त्या गुणपत्रिकेतली वेगळीच नोंद महत्त्वाची वाटली. दोन्ही देशांच्या पंचांनी एकमेकांना शून्य दिलं होतं. पण रशियातल्या सामान्य लोकांनी युक्रेनच्या या गाण्याला १० गुण दिले, आणि युक्रेनच्या लोकांनी रशियाच्या गाण्याला पूर्ण १२.

भाचा एवढं पाहून क्रिकेटकडे वळला. आम्हाला मात्र झोप लागेना. आम्ही त्या भाषेबद्दल वाचू लागलो. 'वतन' हा शब्द त्यांच्याकडेही वतनच आहे. आणि वाचता वाचता आमच्याच पेशाचा एक माणूस भेटला. इस्माईल गस्प्रिन्स्की, क्रिमियन तातार शिक्षक आणि संपादक. १८८३ मध्ये त्यांनी 'तर्जुमान' हे पत्र काढलं. मुलांना महिनोन्‌महिने अक्षरांची घोकंपट्टी करायला लावण्याऐवजी अक्षराचा ध्वनी ओळखून वाचायला शिकवायचं, अशी त्यांची पद्धत, उसूल-ए-जदीद. १९१४ मध्ये ते वारले. त्याआधीच्या काही वर्षांत ते मुंबईलाही येऊन गेले आणि इथल्या मुलांना त्या पद्धतीने शिकवून दाखवलं. बी.एड.च्या वर्गात आम्हाला युरोप-अमेरिकेचे शिक्षणतज्ज्ञ पाठ करावे लागले. हे नाव कोणी सांगितलं नव्हतं. ज्या कौमने असा शिक्षक दिला, तिची भाषा आज युनेस्कोच्या यादीत गंभीर धोक्यात आहे.

आपली तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही, हे आम्हाला कळतं. आपल्या दखनीला कोणी रेल्वेच्या डब्यात घातलं नाही. कोणी बंदूक घेऊन आलं नाही. तिला गप्प बसवायला आम्हीच पुरलो, हातात खडू घेऊन. विजापूरच्या सूफींनी याच दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे लिहिले, दळणाऱ्या बायकांच्या तोंडी अल्लाहचं नाव घातलं. आमच्याच शाळेच्या दारात त्या चक्कीचं गाणं आलं आणि आम्ही ते साफ नाही म्हणून परत पाठवलं. त्यातला 'च' तर मराठीचा. मराठीत लिहिताना आम्ही तो अभिमानाने वापरतो, आणि दखनीत ऐकला की कान लाल करतो.

त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. नानी बाजेवर बसलेल्या होत्या. शीरखुर्मा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग आम्ही गाण्याचा विषय काढला. कागद-पेन खिशातून काढलं. नानी हसल्या आणि हात हलवून म्हणाल्या, "वो गाने नक्को सर. जबान साफ नै बोलके बच्ची बोली." मुलगी दारामागे उभी होती. आमच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

आम्ही माफी मागितली. नानींना ती कशाबद्दल हेच नीट कळलं नाही. शिक्षकाने माफी मागणं त्यांना अवघड वाटलं, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणूनच बहुधा त्या गायला लागल्या. पाच कडवी झाली. पुढची दोन होती, ती आठवेनात. "चक्की थी तो याद था," त्या म्हणाल्या. चक्की केव्हाच गेली होती, आणि ज्या नणंदेबरोबर गायच्या तीही गेली होती.

तेव्हापासून सहावी-सातवीच्या मुलांकडून आम्ही दरवर्षी एक वही करून घेतो. डाव्या पानावर घरातलं गाणं, म्हण किंवा कहाणी, घरात बोलतात तशीच, एक शब्दही न सुधारता. उजव्या पानावर तेच प्रमाण उर्दूत. प्रमाण उर्दू मुलांना आलीच पाहिजे. परीक्षा तिच्यात आहे, पुढचं शिक्षण तिच्यात आहे. पण त्यासाठी डावं पान फाडायची गरज नव्हती, एवढं आम्हाला उशिरा समजलं.

जमालाने २०२३ मध्ये क्रिमियातल्या चौदा जुन्या लोकगीतांचा संग्रह काढला. तेव्हा २०२२ चं युद्ध सुरू झालेलं होतं आणि मुलांना घेऊन ती देशाबाहेर पडली होती. आपल्याकडे तसा वाद्यवृंद नाही, तसा रंगमंचही नाही. पण मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. घरात नानी, दादी, फुफी असतील तर येत्या ईदला त्यांच्याजवळ बसा, आणि त्या गात असताना मध्ये दुरुस्ती करू नका.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते. रस्त्यात भेटली की अदबीने सलाम करते, उर्दूही फार स्वच्छ बोलते. पण सातवीनंतर तिने जलशात पुन्हा नाव दिलं नाही.