मनीची पाटी

मांजर ही वाघाची मावशी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही मावशी दूध पिऊन चुलीपाशी डोळे मिटून बसली, म्हणजे ते नाते कुणाला खरे वाटत नाही. आमच्या महाडच्या घरी मात्र मनीने ते पटवून देण्याचा विडाच उचलला होता. गादी, दाराची चौकट, काही म्हणता काही तिच्या नखांतून सुटले नाही. त्यांतही तिची विशेष प्रीती ओटीवरच्या सागवानी खांबावर. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी घरात शिरले आणि निम्मे सामान नासले. त्यातून वाचलेला हा खांब काकांना फार प्रिय.

"पुराने सोडले ते ही मांजरी खाणार!" असे म्हणून एके सकाळी काकांनी मनीला गोणपाटाच्या पिशवीत घातले. तिला आंबेनळी घाटापलीकडे सोडून यायचे ठरले.

"अरे, मुके जनावर ते! का ओरबाडते, हे तरी आधी पाहा," आजी म्हणाली.

"आई, तुझी मनी बोलू लागली, की मला हाक मार," काका उत्तरले.

मी सोबत होतो. मनी वाटभर आक्रोश करीत होती. घाट चढण्यापूर्वी काका पोलादपुरास आपल्या पशुवैद्य मित्राकडे चहाला थांबले. पिशवीतला प्रवासी पाहून डॉक्टर हसले. त्यांनी मनीला मांडीवर घेऊन तिचा पंजा हलकेच दाबला. त्यासरशी म्यानातून तलवारी निघाव्यात तशी नखे बाहेर आली! पुढच्या पायांना पाचपाच, मागच्यांना चारचार, अशी एकूण १८.

"हे नख थराथराने वाढते," डॉक्टर सांगू लागले. "वरचा जुना थर ओरबाडल्याने निघून जातो आणि खालचे नवे, तीक्ष्ण नख मोकळे होते. खांबाच्या बुडाशी शोधा, टरफले सापडतील. झोपून उठल्यावर अंग ताणायलाही तिला खांब लागतो. शिवाय तिच्या पंजात गंधाच्या ग्रंथी असतात. ओरबाडताना तो गंध लाकडाला लागतो. आपल्याला तो कळत नाही. दुसऱ्या मांजराला कळतो. 'येथे मी राहते,' अशी ती पाटीच म्हणा ना! घाटातला बिबळ्याही झाडांच्या बुंध्यांवर हेच करतो."

"मग नखेच काढून टाकली तर?" काकांनी विचारले.

"नखाबरोबर बोटाचे शेवटचे हाडही कापावे लागते. कित्येक देशांत त्याला कायद्याने बंदी आहे. त्यापेक्षा तिला तिचा खांब द्या. तो हलता कामा नये आणि ती ताठ उभी राहिली तरी पुरेल इतका उंच हवा. मारू मात्र नका. मार खाऊन ती ओरबाडणे सोडणार नाही. तुम्हांला भिऊ लागेल, एवढेच."

काका बराच वेळ बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. घाट काही आम्ही चढलो नाही.

घरी येताच त्यांनी ऐनाचा एक ओंडका जाड फळीवर भक्कम ठोकला, त्याला काथ्याचा सुंभ घट्ट गुंडाळला आणि तो सागवानी खांबाशेजारीच उभा केला. जुन्या खांबाला तेवढे दिवस प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद लावला. दोन दिवस मनीने नव्या खांबाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी आजीने त्यावर एक दोरी खेळवली. दोरी पकडताना मनीची नखे सुंभात रुतली आणि त्या खरखरीत स्पर्शाची गोडी तिला लागली ती लागलीच.

आता सुंभाचे धागे लोंबू लागले, की काका बाजारातून नवा आणतात. दुकानदाराने विचारले, तर "मनीची पाटी रंगवायची आहे," असे गंभीरपणे सांगतात.