कार्लाइल : २७ विरुद्ध ६

‘‘चॉकलेट वर्ल्ड सोडून तू एक ग्राउंड बघायला जाणार?’’ ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

प्लॅन खरं तर एकदम साधा होता. शनिवारी सकाळी एडिसनहून (न्यू जर्सीतलं आपल्या देशी लोकांचं माहेरघर!) निघायचं, पेनसिल्वेनियात हर्शीला जायचं, भाचीला चॉकलेट खाऊ घालायचं, रविवारी परत. पण हर्शीपासून पाऊणएक तासावर कार्लाइल आहे हे मला नकाशात दिसलं आणि माझ्यातली फ्रीलान्सर जागी झाली. पुण्यातल्या एका एडिटरने ‘अमेरिकेतून एखादी फील-गुड स्पोर्ट्स स्टोरी आण’ असं निघतानाच बजावलं होतं. आणि १९१२ सालच्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या फुटबॉल टीमपेक्षा जास्त फील-गुड काय असणार? ‘लगान’च की! फक्त धोतरांच्या जागी जर्सी.

तर रविवारी सकाळी ताई, जिजू, आठ वर्षांची भाची आणि मी कार्लाइलमध्ये. गाव छोटंसं, विटांच्या घरांचं, मध्यभागी कोर्टाची जुनी इमारत. बाहेर हायवेला मात्र ट्रकच ट्रक आणि गोडाउनं. आपल्या भिवंडी बायपासची आठवण यावी इतकी.

ज्याला मी ‘ग्राउंड’ म्हणतेय ते आहे कार्लाइल बॅरक्समध्ये, म्हणजे चक्क लष्करी तळावर. यूएस आर्मी वॉर कॉलेज १९५१ पासून इथे आहे. आपला पासपोर्ट दाखवून सरळ आत शिरता येत नाही. जिजूंच्या ऑफिसातल्या एकाचे काका लष्करातून रिटायर झालेले. त्यांनी आम्हाला आत नेण्याची जबाबदारी घेतली. सत्तरीचे, ताठ, मोजकं बोलणारे. माझ्या पासपोर्टवरचं ‘इंडियन’ वाचून ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, या गेटमधून इंडियन आत जातात तेव्हा चौकशी होतेच, जुनी पद्धत आहे.

जोक मला जरा उशिरा कळला.

१८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने या रिकाम्या बॅरक्समध्ये शाळा काढली. मूळ अमेरिकन जमातींची मुलं ट्रेनने हजारो मैलांवरून आणायची, केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःच्या भाषेत बोलू द्यायचं नाही. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारायला हवा, अशी प्रॅटची जाहीर भूमिका होती. शाळा बंद झाली १९१८ मध्ये. तोवर १४०हून जास्त जमातींची सुमारे ७,८०० मुलं इथे येऊन गेली. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिवण, लोहारकाम. उन्हाळ्यात घरी पाठवण्याऐवजी गोऱ्यांच्या शेतांवर आणि घरांत कामाला.

आणि या मुलांना नाद लागला फुटबॉलचा. (आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, धक्काबुक्की, दहा यार्ड पुढे सरकायला मोजके चान्स, तो.) एकाचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या टीम्सशी खेळायला बंदी केली. तेव्हा पोरांनी ऑफिसात जाऊन त्याला गाठलं. त्याने दोन अटींवर परवानगी दिली. समोरच्याने मारलं तरी उलट हात उचलायचा नाही, आणि चार वर्षांत देशातल्या मोठ्यात मोठ्या टीमला हरवायचं.

१८९९ मध्ये ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हा कोच आला. पोरं वजनाने हलकी, हार्वर्डचे गडी आडदांड. मग डोकं चालवलं. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू चक्क एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे कोंबला. हार्वर्डवाले चेंडू शोधतायत आणि हा पठ्ठ्या शंभर यार्ड पळून पार! तो सामना कार्लाइल एका गुणाने हरलं, पण किस्सा आजही सांगतात. नियमांतली फट शोधण्यात वॉर्नरचा हात कोणी धरला नसता.

काकांनी गाडी थांबवली. ‘‘हे इंडियन फील्ड.’’

मैदान साधं आहे. गवत, ट्रॅक, बसायला जुनं स्टँड. दोन-तीन जण टी-शर्ट भिजेपर्यंत धावत होते. सांगतात की १९०७ मध्ये इथेच काही मुलं उंच उडीचा सराव करत होती. कामाचे मळके कपडे घातलेला एक पोरगा बाजूने चालला होता. त्याने ‘मी करून बघू?’ विचारलं आणि पाच फूट नऊ इंचांची काठी सहज पार करून निघून गेला. तो जिम थॉर्प. ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा.

आता १९१२. त्या उन्हाळ्यात थॉर्पने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. शाळेच्याच लुइस टेवानिमाने दहा हजार मीटरमध्ये रौप्य. ऑगस्टमध्ये कार्लाइलच्या रस्त्यांवरून त्यांची मिरवणूक निघाली. गंमत बघा, तेव्हा बहुतेक इंडियनांना अमेरिकेचं नागरिकत्वच नव्हतं. सरसकट ते मिळालं १९२४ मध्ये!

महिन्याभरात सीझन सुरू. त्याच वर्षी नियम बदलले होते. तीनऐवजी चार चान्स, टचडाउनला पाचऐवजी सहा गुण, मैदान शंभर यार्डांचं. वेगाने पळणाऱ्यांसाठी ही तर पर्वणीच. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. थॉर्पचे टचडाउन किमान पंचवीस (जुने आकडे एकमेकांशी जुळत नाहीत).

पण मला त्या टीमचं टाइमटेबल जास्त इंटरेस्टिंग वाटलं. शनिवार, २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला हरवलं. सोमवारी थेट कॅनडात, टोरोंटोमध्ये सामना, तोही जिंकला. पुढच्या शनिवारी लेहाय. आपण ‘बॅक टु बॅक मीटिंग्ज’ म्हणून रडतो! सुरुवातीचे किरकोळ सामने सोडले तर मोठे सामने सगळे बाहेर, कारण गर्दी आणि तिकिटाचा पैसा मोठ्या शहरांत. पोरांनी रेल्वेच्या डब्यात राहायचं आणि गल्ला शाळेच्या अ‍ॅथलेटिक फंडात जायचा.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. समोर आर्मी, लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी. वुंडेड नी इथे लष्कराने लकोटा बायका-मुलांसकट माणसं मारली त्याला जेमतेम बावीस वर्षं झाली होती. आर्मीकडून ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट खेळत होता. हो, तोच, पुढचा राष्ट्राध्यक्ष. थॉर्पला दोन बाजूंनी धडकून बाहेर काढायचं त्याने आणि एका सहकाऱ्याने ठरवलं होतं. थॉर्प उठला आणि खेळत राहिला. कार्लाइलच्या नव्या व्यूहरचनेत चेंडू कोणाकडे आहे हेच आर्मीला कळेना. क्वार्टरबॅक गस वेल्श खेळ चालवत होता. सगळ्यांचं लक्ष थॉर्पवर, आणि अ‍ॅलेक्स आर्केसाने तीन टचडाउन मारले. जो गायोनवर दांडगाई केली म्हणून आर्मीच्या कॅप्टनलाच बाहेर काढलं. २७-६.

प्रॅटच्या पहिल्या अटीकडे बघा. हात कोणी उचलला?

इथे स्टोरी संपवली असती तर एडिटर खूश झाला असता. पण पुढच्याच शनिवारी टीम पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीकडून ३४-२६ अशी हरली. आणि जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की थॉर्पने आधी दोन उन्हाळे पैसे घेऊन बेसबॉल खेळलं होतं. म्हणजे तो ‘हौशी’ नाही, पदकं परत करा. ‘मी साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला नियम ठाऊक नव्हते’ अशा अर्थाचं पत्र त्याच्या सहीने गेलं. त्यामागे वॉर्नरचं डोकं होतं असं बरेच अभ्यासक मानतात. वॉर्नरने स्वतः कानावर हात ठेवले. पोरगा अडकला, कोच सुटला. ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही हा फंडा समजावून सांगायला नको!

१९१४ मध्ये गस वेल्शने पुढाकार घेऊन दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज केला. काँग्रेसची चौकशी बसली, फुटबॉलच्या पैशांचा हिशेब निघाला. सुपरिंटेंडंट गेला, वॉर्नरही पिट्सबर्गला गेला. त्याचं नाव आजही मुलांच्या फुटबॉल लीगवर आहे. थॉर्पची पदकं कागदोपत्री १९८२ मध्ये परत आली, तीही ‘संयुक्त विजेता’ म्हणून. एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. तो गेला १९५३ मध्ये. त्याचं दफन तो कधी राहिलाच नव्हता अशा पेनसिल्वेनियातल्या एका गावात झालं. टुरिस्ट येतील या आशेने गावाने आपलं नाव बदलून ‘जिम थॉर्प’ ठेवलं. देह ओक्लाहोमात न्यायला त्याचे मुलगे कोर्टात भांडले. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

आणि शाळा बंद झाल्यावर हे आवार परत गेलं लष्कराकडे. आर्मीला हरवणाऱ्यांच्या मैदानावर आज आर्मीच धावते. लष्करी कॉलेजांच्या स्पर्धा इथे वर्षानुवर्षं भरत आल्यात, जिम थॉर्पच्याच नावाने. मी हे काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘आम्ही त्याचा खूप आदर करतो.’’ खरंच करत असावेत. मला पुढे काय बोलावं सुचेना.

मग त्यांनी आपणहून गाडी कब्रस्तानाकडे वळवली. लष्करी शिस्तीत रांगेने उभे पांढरे दगड. नाव, जमात. काहींवर नुसतंच ‘अज्ञात’. एकशे ऐंशीहून अधिक मुलं इथे पुरली होती. बरीचशी क्षयाने गेलेली. दगडांवर कोणी नाणी ठेवलेली, कोणी शिंपले, कोणी छोटी खेळणी. २०१७ पासून जमाती आपापल्या मुलांचे अवशेष घरी नेऊ लागल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेचा हा परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला.

‘लगान’मध्ये जिंकल्यावर लगान माफ होतो. इथे २७-६ नंतर पोरं त्याच ट्रेनने त्याच शाळेत परत आली होती.

भाचीने खिशातून हर्शीचं चॉकलेट काढून एका दगडावर, एका खेळण्यातल्या घोड्याशेजारी ठेवलं. ताई काही बोलली नाही. मग भाचीने काकांना विचारलं, ‘‘ही बाकीची मुलं घरी कधी जाणार?’’

काकांनी टोपी काढून हातात घेतली होती. ‘‘घरच्यांना अर्ज करावा लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘वेळ लागतो.’’