संदकफूच्या थंडीत रुसलेली लँड रोव्हर

दार्जिलिंगला गेलेला मराठी पर्यटक टायगर हिलचा सूर्योदय पाहतो, छोट्या रेल्वेत बसतो, चहाची पाकिटे घेतो आणि परततो. तिथून जेमतेम 26 किलोमीटरवर मानेभंज्यांग नावाचे गाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या गावात उतरताच आपण एखाद्या जुन्या इंग्रजी चित्रपटात शिरलो की काय, असे वाटते. रस्त्याच्या कडेला चौकोनी तोंडाच्या जुन्या लँड रोव्हर गाड्या उभ्या असतात!

इंग्लंडमध्ये तयार झालेली ही गाडी 1948 मध्ये जगापुढे आली आणि चहामळ्यांच्या साहेबांबरोबर या डोंगरात पोहोचली. साहेब गेले, गाड्या राहिल्या. अल्युमिनियमच्या पत्र्यामुळे त्यांचे अंग गंजले नाही. मूळ इंजिने मात्र बहुतेकांची केव्हाच बदलली. त्या जागी देशी डिझेल इंजिने बसली. आता या वाटेवर नव्या जीपगाड्याही धावतात, पण आम्ही हट्टाने लँड रोव्हरच घेतली. आम्ही म्हणजे मी, पत्नी आणि माझी थोरली बहीण. चालकाला इथे सगळे ‘दाजू’ म्हणतात. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ.

मानेभंज्यांग ते संदकफू हे अंतर फक्त 31 किलोमीटर, पण चढ सुमारे दीड हजार मीटरचा. रस्ता कधी भारतात, तर कधी नेपाळात. मेघमाला ढगांनी गाठले, गैरीबासला गरम चहा झाला. कालीपोखरीच्या काळ्या तळ्यापाशी ताई म्हणाली, “डोकं जरा जड झालंय.” गाडीच्या धक्क्यांनी झाले असेल, म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही.

संदकफू 3636 मीटरवर आहे. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. आकाश स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू ही जगातल्या पाच सर्वांत उंच शिखरांपैकी चार शिखरे इथून दिसतात. नोव्हेंबरातल्या त्या पहाटे कांचनजंगेची रांग गुलाबी झाली, तेव्हा बाहेर माणसांची झुंबड उडाली होती. ताई मात्र खोलीतच होती. रात्रभर तिला उलट्या झाल्या होत्या, उभी राहिली की तोल जात होता. लॉजचे मालक एकच वाक्य बोलले, “यांना लगेच खाली न्या.” उंचीच्या त्रासावर खाली उतरणे हाच खरा उपाय.

दाजूंनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण कसे? सारी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडली आणि पाच-सात सेकंदांत बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला. इंजिन नुसते फिरत राहिले.

भोवती सल्लागार जमले. एक म्हणाला, “थंडीनं बॅटरी बसली.” दुसरा म्हणाला, “हीटर प्लग गेले.” तिसरा तर रॉकेलचा बोळा पेटवून टाकीखाली शेकायला निघाला! चौथ्याने गाडी ढकलायची तयारी दाखवली. गाडी चढाकडे तोंड करून उभी, खाली दवाचा बर्फ. दाजूंनी सगळ्यांना हात जोडले आणि माझ्या हाती किल्ली दिली. “मी सांगेन तेव्हा फिरवा. दहा सेकंद, जास्त नाही.”

ते स्वतः मागे जाऊन सायलेन्सरपाशी बसले. मी किल्ली फिरवली. “इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे बॅटरी ठीक,” ते म्हणाले. “आता धूर बघा. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही, म्हणजे गर्मी कमी, असं मानलं असतं. इथे धूरच नाही. डिझेल इंजिनापर्यंत येतच नाहीये.”

मग ते आधी सुरू कसे झाले? “पंपात कालचं थोडं उरलं होतं, तेवढं जळलं.”

त्यांनी बॉनेट उघडले, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंपाची कळ दाबायला लागले. स्क्रूतून साबणासारखा फेस आला. डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती! पंप मारता मारता बुडबुडे थांबले, स्वच्छ धार लागली, तसा त्यांनी स्क्रू आवळला. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. हवा शिरली कुठून, हे शोधायचे होते. बोटाने चाचपत ते फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीपाशी थांबले. नळीचे टोक कडक होऊन चिरले होते. गाडी चढावर उभी, टाकी खाली आणि इंजिन वर. त्यामुळे रात्रभर त्या चिरेतून हवा आत येत होती आणि डिझेल टाकीकडे परतत होते. चिरलेला तुकडा कापून त्यांनी नळी पुन्हा बसवली, क्लिप घट्ट केली आणि पुन्हा एकदा हवा काढली.

या खेपेला इंजिन आधी थोडे अडखळले, मग एका लयीत चालू लागले. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

उतरताना दाजू म्हणाले, “चूक माझीच. दोन-तीन सकाळी गाडी सुरू होताना थरथरत होती. मी थंडीवर ढकललं.” मी काय बोलणार? ताईने आदल्या दिवशीच डोके जड झाल्याचे सांगितले होते, मी ते धक्क्यांवर ढकलले होते. गाडी काय अन् माणूस काय, बंद पडण्याआधी सांगतात, ऐकणारा हवा.

गैरीबास संदकफूहून सुमारे हजार मीटर खाली आहे. तिथे पोहोचल्यावर तासाभराने ताई उठून बसली आणि म्हणाली, “चहा मिळेल का रे?” दाजूंनी तोवर गाडी उताराकडे तोंड करून लावली होती.

कसे जाल? न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वेने, पुढे मोटारीने मानेभंज्यांग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिखरे स्वच्छ दिसतात, एप्रिल-मेमध्ये गुराँस फुलतो. पावसाळ्यात सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असते. ओळखपत्र जवळ ठेवा. वाटेत तुमलिंगला एक मुक्काम करा आणि मगच वर चढा. आम्ही तो टाळला होता.